रेटा कुठे जातो?

कोपरगावच्या शारदा शाळेत जुन्या इमारती आणि आवाराची भिंत यांच्यामध्ये एक लांबट, चिंचोळी पट्टी मोकळी होती. अशा जागेत आपल्याकडे सायकलींची शेड होते, नाहीतर मोडकी बाकं पडून राहतात. इथे २०१८ मध्ये मुलांसाठी ग्रंथालय झालं. नाव माया सोमय्या ग्रंथालय, आराखडा मुंबईच्या समीप पडोरा यांच्या कार्यालयाचा. लांबून पाहिलं तर ही इमारत आहे हे लक्षातच येत नाही. विटांनी मढवलेली जमीन हळूहळू वर चढते, वाकते आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकते. मुलं एका बाजूने छतावर चढतात आणि दुसरीकडून उतरतात. आत मधोमध, जिथे उंची मिळते तिथे, टेबलं आणि स्टुलं आहेत. कडेला छत खाली झुकतं, तिथे जमिनीवर मांडी घालून वाचायची जागा आहे. मोठ्या माणसाला जिथे वाकावं लागेल, तिथे लहान मूल आरामात बसतं.

वास्तुकलेच्या देशोदेशीच्या नियतकालिकांत या ग्रंथालयाची छायाचित्रं छापून आली. जवळच शिर्डी, आणि शिर्डीचा विमानतळ याच तालुक्यात, काकडीला. या वाटेने रोज हजारो माणसं जातात; ग्रंथालयाचं नाव ऐकलेली त्यात थोडीच भेटतील.

शाळेची रीतसर परवानगी काढून ते पाहून आलेल्या एका मामा-भाचीत घरी परतल्यावर जो वाद रंगला, तो या इमारतीपुरता नव्हता. मामा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. सारी नोकरी इस्टिमेट, एमबी म्हणजे मोजमापांची वही आणि डीएसआर म्हणजे सरकारी दरपत्रक यांच्यात गेली. भाची वास्तुरचनाकार, शिक्षणासाठी बार्सिलोनाला गेली आणि तिथेच कामाला लागली. गेल्या हिवाळ्यात मामा-मामी तिच्याकडे जाऊन आले होते, त्यामुळे वादाला दोन्ही गावांची सामग्री होती.

“सुरेख आहे, नाही कोण म्हणतंय?” मामांनी सुरुवात केली. “पण तू मला गौदी सांगायच्या आधी मी तुला निंबोडी सांगतो.”

निंबोडी हे नगरजवळचं गाव. ऑगस्ट २०१७ मध्ये, पावसाच्या दिवसांत, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली कोसळली आणि तीन मुलं गेली. कोपरगावचं ग्रंथालय उभं राहिलं ते पुढच्याच वर्षी, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

“ज्या जिल्ह्यात पोरांच्या डोक्यावर साधं छत धड राहत नाही, तिथे पोरांना छतावर चालवायची हौस कशाला?” मामांचा आवाज चढला होता. “मला आधी सरळ भिंत, सरळ स्लॅब आणि न गळणारा वर्ग द्या. तो सगळ्यांना मिळाला की मग करा काय वाकडं-तिकडं करायचं ते.”

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. वेगळ्या घडणीच्या इमारतींबद्दल लिहिणारे बहुतेक लोक त्याला वळसा घालून पुढे जातात. भाचीने तसं केलं नाही.

“हौस असती तर मीही तुमच्याच बाजूने बोलले असते, मामा. ते छत दिसण्यासाठी वाकवलेलं नाही. वाकवलं म्हणूनच ते विटांत उभं आहे. तुम्ही मला सांगा, स्लॅब कशाने जातो?”

“पाण्याने. दुसरं काय?”

“पाण्याने काय होतं?”

मामांना यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. स्लॅबवर भार आला की तो किंचित वाकतो, त्याच्या खालच्या अंगाला ताण बसतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून तिथे सळया घालायच्या. वरून पाणी झिरपलं की सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की खालचं काँक्रीट सुटून पोपडे पडतात. जुन्या शाळांमध्ये हे दृश्य त्यांनी पुष्कळ पाहिलेलं.

भाचीने गळ्यातली बारीक साखळी काढली, दोन्ही हातांत दोन टोकं धरली आणि ती दिव्यासमोर लोंबती सोडली. भिंतीवर तिच्या वाकाची सावली पडली. “साखळी फक्त ताण घेते. तिला जो आकार हवा तो ती स्वतःच घेते. आता हीच रेघ उलटी केली असं समजा. जितका ताण होता तितका सगळा दाब झाला. या रेघेवर वीट रचली तर विटेला ताण माहीतच नाही. मग सळईच्या भरवशावर कशाला राहायचं?”

हा विचार रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये मांडला होता. बार्सिलोनाचा वास्तुकार आंतोनी गौदी याने तो दोऱ्यांनी करून पाहिला. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल या कामगार वसाहतीत चर्च बांधायचं होतं. गौदीने छताला दोऱ्यांचं मोठं जाळं टांगलं, प्रत्येक भाराच्या जागी शिशाच्या गोळ्यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या आणि दोऱ्यांनी जो आकार घेतला त्याची छायाचित्रं काढून ती उलटी धरली. इमारत अशी उभी राहणार! त्या एका प्रतिकृतीवर सुमारे दहा वर्षं गेली. कोपरगावच्या आराखड्यासाठी एवढा काळ थांबावं लागलं नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ब्लॉक रिसर्च ग्रुपने राइनोव्हॉल्ट नावाची संगणक प्रणाली तयार केली आहे. गौदीच्या दोऱ्यांचं काम ती पडद्यावर करते, आणि ग्रंथालयाचा आकार तिच्याच मदतीने शोधला गेला.

मामा साखळीकडे पाहत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कमान पाहिल्यावर प्रत्येक जाणत्या अभियंत्याच्या मनात पहिल्यांदा येतो.

“सगळा दाब आहे, मान्य. पण कमान नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही ढकलते. तो आडवा रेटा कुठे जातो?”

“बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणून तर ते छत भिंतींवर बसवलेलं नाही, थेट जमिनीपर्यंत आणलंय. रेटा पायात जातो. आणि जिथे छताची कड मोकळी आहे तिथे ती कडच दाब वाहून नेते. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात शॉन कॉलियर या पोलिसाचं स्मारक आहे, ३२ दगडी ठोकळे एकमेकांना रेटून उभे केलेत. कोपरगावच्या वास्तुकारांनी कडेचा तपशील तिथून घेतलाय, आणि ते तसं उघड सांगतातही.”

“म्हणजे शेवटी बाहेरचंच.”

“बाहेरचं आहे, पण एका ठिकाणचं नाही.”

इथून तिने जी वाट सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. कातालान प्रदेशात पातळ, कौलासारख्या विटा आडव्या ठेवून छतं करायची जुनी रीत आहे. पहिला थर लवकर धरणाऱ्या जिप्समने जोडायचा, म्हणजे खालून पूर्ण सेंट्रिंगची गरज राहत नाही. त्यावर दुसरा, तिसरा थर, सांधे मोडून. बार्सिलोनातल्या जुन्या चाळींचे जिनेसुद्धा असेच आहेत आणि ते साध्या गवंड्यांनी केलेत. वालेन्सियात जन्मलेला राफाएल ग्वास्ताविनो ही विद्या घेऊन १८८१ मध्ये अमेरिकेला गेला. बोस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय त्याच्या कमानींवर उभं आहे. न्यू यॉर्कला बोटीने येणाऱ्या लाखो स्थलांतरितांची नोंदणी एलिस आयलंडच्या ज्या दालनात होई, त्याचं छत त्याच्या मुलाच्या कंपनीने १९१८ मध्ये केलं. बंद पडलेली ती इमारत १९८०च्या दशकात दुरुस्तीला काढली, तेव्हा सुमारे २८ हजार कौलांपैकी फक्त १७ बदलावी लागली.

“सतरा?” मामांनी पुन्हा विचारलं.

“सतरा.”

या आकड्याने जे केलं ते गौदीच्या रंगीत तुकड्यांनी केलं नव्हतं. बार्सिलोनात गौदीच्या कासा मिला या इमारतीसमोर मामी हरखून गेल्या होत्या. मामांचं मन मात्र तिथे लागलं नाही. गच्चीवरच्या शिरस्त्राणं घातल्यासारख्या धुरांड्यांकडे पाहून हे कुणाच्या कामाचं, असं ते म्हणाले होते. त्या इमारतीचा एक खांब फुटपाथवर आला म्हणून नगरपालिकेने हरकत घेतली, वरचा भागही नियमापेक्षा मोठा झाला. १९०९ मध्ये इमारत स्मारकाच्या तोडीची ठरवून तिला सूट दिली गेली, हे कळल्यावर तर ते चिडलेच होते. नियम सगळ्यांना सारखा हवा, हे त्यांचं मत नोकरीत बनलेलं आणि आजही पक्कं आहे. पण त्याच इमारतीच्या माळ्यावर, जिथे विटांच्या २७० कमानी ओळीने उभ्या आहेत, तिथून त्यांना बाहेर काढायला भाचीला हाताला धरावं लागलं होतं.

तिने त्यांना आणखी एक वास्तू दाखवली होती, आणि कोपरगावच्या संदर्भात तीच सगळ्यांत मोलाची. गौदीच्याच साग्रादा फामिलिया या चर्चच्या भव्य मनोऱ्यांच्या पायथ्याशी एक बुटकी शाळा आहे. तीन वर्गांची, चर्च बांधणाऱ्या मजुरांच्या आणि आसपासच्या गरीब घरांतल्या मुलांसाठी गौदीने १९०९ मध्ये बांधलेली. भिंती पातळ विटांच्या आणि नागमोडी. छतही नागमोडी. पन्हळी पत्र्याला पन्हळी नसती तर तो वाऱ्याने दुमडला असता. त्या शाळेची भिंत आणि छत याच न्यायाने कमी विटांत ताठ उभी आहेत. यादवी युद्धात ती जळाली, पुन्हा बांधली गेली, पुढे चर्चच्या कामासाठी जागेवरून हलवलीही गेली. १९२८ मध्ये वास्तुकार ल कॉर्ब्युझिए बार्सिलोनाला आला तेव्हा त्याने या छोट्या शाळेचं रेखाचित्र वहीत काढून घेतलं. पंचवीस-एक वर्षांनी त्याने अहमदाबादला मनोरमा साराभाई यांचं घर बांधलं, तेव्हा त्यावर कातालान पद्धतीच्या विटांच्या कमानी घातल्या. म्हणजे ही विद्या भारतात येऊन सत्तर वर्षं झाली आहेत.

“मग ऐक,” मामा म्हणाले, “सत्तर नाही, साडेचारशे वर्षं झाली. नगरला चांदबीबी महाल म्हणतो आपण, ती सलाबतखानाची कबर, सोळाव्या शतकातली. फराहबाग १५८३ ची. निजामशाहीतल्या गवंड्यांना घुमट काय, कमान काय, सगळं येत होतं. त्यांना झुरिकला विचारायला जावं लागलं नाही. आपण आपलं विसरायचं आणि मग बार्सिलोनाहून आणून कौतुक करायचं!”

“ते घुमट मीही बघत मोठी झालेय, मामा. पण त्यांच्या भिंतींची जाडी आठवा. रेटा त्यांनी वजनाने अडवला. हे छत तो आकाराने अडवतं. दगड आणि मजूर स्वस्त होते तेव्हा वजन परवडत होतं, आता आकार परवडतो. आणि खरं सांगा, आज नगरमध्ये चुन्यात घुमट वळवून देईल असा मिस्त्री तुम्ही मला शोधून द्याल?”

मामांनी उत्तर दिलं नाही. आज गवंडी हुशार आहेत, पण त्यांच्या हातांना गेल्या दोन पिढ्या कॉलम, बीम, स्लॅब याखेरीज काही मागितलंच गेलं नाही. आपल्याकडच्या बांधकामातला सगळ्यांत मोठा तोटा हाच आहे, आणि तो कुठल्याही हिशेबवहीत दिसत नाही.

पण मामांकडे आणखी एक हत्यार होतं, आणि ते धारदार होतं. “पैसा कुणाचा? गोदावरी शुगर मिल्स १९३९ ची. सोमय्यांची साखर, सोमय्यांची शाळा. तुझ्या त्या कोलोनिया ग्वेलचंही तेच, ग्वेल म्हणजे कापडगिरणीचा मालक. मालक शौकीन असला की असं काहीतरी उभं राहतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला मालक नसतो. तिथे टेंडर असतं, ठराविक नकाशा असतो आणि डीएसआरमध्ये नसलेली बाब इस्टिमेटमध्ये धरता येत नाही. ती धरणाऱ्या अभियंत्याला उत्तरं देता देता नाकीनऊ येतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.”

भाचीने हे मान्य केलं. तिने स्वतःहून भरही घातली. बार्सिलोनात गौदीच्या इमारतींभोवती आता पर्यटकांच्या इतक्या रांगा असतात की तिथल्या रहिवाशांनाच आपलं शहर परकं झालंय. २०२४ च्या जुलैत तिथे मोर्चा निघाला तेव्हा काही जणांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. अपूर्व इमारत एकटीच अपूर्व राहिली तर ती फोटोची जागा होते, असं तिचं म्हणणं. उदाहरण तिने जवळचंच दिलं: कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला पडोरांच्याच कार्यालयाने जेतवन हे बौद्ध अध्ययन केंद्र केलं. जागेवरचं एकही झाड तोडायचं नाही ही अट पाळून इमारतीचे तुकडे झाडांच्या मोकळ्या जागांत बसवले आणि भिंतींसाठी खाणीतली टाकाऊ दगडाची भुकटी ठासून वापरली. तीही देखणी वास्तू. तिच्यामागेही साध्या, सरकारी अशा दहा इमारती आल्या नाहीत.

“म्हणून मी तुम्हाला गौदीऐवजी दुसरा माणूस सांगते,” ती म्हणाली. “एलादिओ दिएस्ते. उरुग्वेचा. वास्तुकार नव्हता, सिव्हिल इंजिनिअर होता. आणि ठेकेदारही.”

मामा सरसावून बसले.

दिएस्तेचा जन्म १९१७ चा, मृत्यू २००० चा. उरुग्वे छोटा देश, पोलाद महाग, वीट मात्र मुबलक आणि चांगली. त्याने वीट घेतली, सांध्यांमधून बारीक सळ्या फिरवल्या आणि छताला दुहेरी वाक देऊन एका विटेच्या जाडीत प्रचंड अंतरं ओलांडली. त्याची बहुतेक कामं धान्याची गोदामं, बाजार, कारखान्यांच्या शेड, बसस्थानकं यांची. ही कामं त्याला मिळाली ती स्पर्धेत, किमतीच्या जोरावर. आतलान्तिदा इथलं त्याचं चर्च साध्या कष्टकरी वस्तीसाठी बांधलेलं. १९६० मध्ये पुरं झालं आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कोपरगावच्या वास्तुकारांनी ग्वास्ताविनोकडून थोड्या सामानात काम भागवणं घेतलं, तसं विटांना आधार द्यायची पद्धत दिएस्तेकडून घेतली.

“गोदामं?” मामा म्हणाले. “आणि टेंडर भरून?”

“टेंडर भरून.”

“मग हा आपल्यातला माणूस.” जरा वेळाने ते म्हणाले, “याचे नकाशे मिळतील का बघायला?”

इथे वाद मिटला असं समजू नये. मामांच्या दोन शंका राहिल्या आणि त्या राहिल्याच पाहिजेत. पहिली पाण्याची. ज्या छतावर रोज मुलांचे पाय फिरणार, त्याचे सांधे उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे तापणार आणि जूनमध्ये एकदम भिजणार. स्लॅबवरचा पाणी अडवणारा ब्रिकबॅट कोबा फुटला तर काय करायचं हे गावातल्या गवंड्याला ठाऊक असतं. या छताला चीर गेली तर कुणाला बोलवायचं? दुसरी शंका देखरेखीची. आकार अचूक नसेल तर दाबाचं सगळं गणित कोलमडतं. जिथे कामावर देखरेखच पुरती होत नाही, तिथे असं छत स्लॅबपेक्षा धोक्याचं ठरेल. भाचीजवळ यावर उत्तर होतं, पण ते मामांना पुरेसं वाटलं नाही: शंभर वेगवेगळे आकार करू नयेत. एका वर्गाच्या मापाचा एकच आकार पक्का करावा, त्याचा लोखंडी साचा करावा, तो गावोगाव फिरवावा आणि पहिली खोली बांधून तिच्यावर वाळूची पोती रचून परीक्षा घ्यावी.

“पोती मी रचून घेईन,” मामा म्हणाले. “पण खोलीत पोरं बसवायच्या आधी दोन पावसाळे जाऊ दे.”

या दोघांत डावं-उजवं करायचं तर मामांची शंका आधी घ्यावी लागेल, कारण निंबोडीनंतर या जिल्ह्यात छताबद्दल बोलताना सुरक्षिततेचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर ठेवता येत नाही. पण ‘आधी सगळ्यांना साधं मिळू दे, मग वेगळं’ हे त्यांचं पहिलं वाक्य मात्र टिकत नाही. साध्याचीच पद्धत सुधारायची असेल तर ती कुठेतरी वेगळं करून पाहिल्यावरच सुधारते. दिएस्तेची गोदामं आधी वेगळी होती, मग त्याच्या देशात नेहमीची झाली. कोपरगावात ते पहिलं पाऊल पडलं आहे, तेही खाजगी पैशाने. सरकारी यंत्रणेला आता फक्त ते तपासून पाहायचं आहे.

जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावं. शाळेच्या संमतीने या छताची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करावी, आतलं तापमान नोंदवावं, चिरा आणि ओल यांचा हिशेब ठेवावा. एखाद्या महाविद्यालयाने आपल्या आवारात एका वर्गाएवढं विटांचं छत बांधून त्यावर भार चढवून पाहावा, त्याचा दर काढावा आणि तो डीएसआरमध्ये समाविष्ट करण्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवावा. जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांनी शिर्डीच्या बाजूला काम निघालं की तासभर वाट वाकडी करून कोपरगावला जावं, छताखाली उभं राहावं आणि मामांनी विचारला तो प्रश्न तिथे विचारावा.